माझ्या स्वप्नात ते का येत नाहीत?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. कंपाउंडर शटर अर्धे खाली ओढण्याच्या तयारीत असताना शेजारच्या गावच्या एक बाई आत आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान हृदयविकाराने गेले. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून त्यांना झोपेची गोळी चालू होती. बीपी तपासले, ठीक होते. मी केस पेपरवर लिहू लागलो तशा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? हसणार नाही ना?"

"विचारा की."

"आमचे मालक घरात सगळ्यांच्या स्वप्नात येतात. जावेच्या येतात, धाकट्या दिराच्या येतात. पोरीला तर अंगणात उभे दिसले, चहा मागितला म्हणे. माझ्या स्वप्नात एकदा पण आले नाहीत. तीस वर्षं संसार केला. माझं काय चुकलं असंल?"

बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. 'ज्याचा जीव ज्याच्यात, तो त्याच्याकडंच येतो,' असे जाऊबाई चारचौघींत बोलून मोकळ्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून बाईंनी दोन उपास जास्तीचे धरले होते. वजन चार किलोंनी उतरले होते. कोणी तरी कसलीशी शांत करायला सांगितली होती आणि त्यासाठी कानातली फुले मोडण्याचा विचार चालू होता.

वाचकहो, हा लेख त्या बाईंसाठी आहे, आणि त्यांच्या जाऊबाईंसाठी तर आहेच आहे. स्वप्नांच्या बाबतीत आपण सगळेच एक चूक करतो. आपल्याला जशी स्वप्ने पडतात तशीच साऱ्या जगाला पडत असणार, असे धरून चालतो. मग ज्याला वेगळी पडतात तो आपल्याला विचित्र वाटतो, ज्याला पडतच नाहीत तो कोरडा वाटतो, आणि ज्याला फार पडतात त्याला कोणी तरी 'काही केलेले' असते. या समजांपायी माणसांचे किती नुकसान होते, हे दवाखान्याच्या खुर्चीत बसून गेली अठ्ठावीस वर्षे मी पाहत आलो आहे. काही नुकसान माझ्या हातूनही झाले. तेही आज सांगणार आहे.

रात्र सर्वांची सारखीच

आधी झोपेचे थोडे गणित पाहू. १९५३ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोन संशोधकांच्या लक्षात आले की, झोपलेल्या माणसाची बुबुळे रात्रीतून अनेकदा मिटल्या पापण्यांखाली भराभर हलू लागतात. अशा वेळी माणसाला उठवून विचारले, तर बहुतेक वेळा तो एखादे स्वप्न सांगतो. या झोपेला 'रेम' झोप म्हणतात. आपण तिला स्वप्नांची झोप म्हणू. इतर झोपेतही स्वप्ने पडतात, पण ती सहसा फिकी आणि तुटक असतात.

साधारण दर दीड तासाने ही स्वप्नांची झोप येते. रात्रीतून चार-पाच वेळा तिची पाळी लागते. धडधाकट प्रौढ माणसाच्या झोपेचा जवळजवळ पाव हिस्सा तिच्यात जातो. म्हणजे आठ तास झोपणारा माणूस रोज दीड-दोन तास या झोपेत असतो. 'मला बुवा स्वप्नेच पडत नाहीत' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती पडतात, फक्त सकाळी आठवत नाहीत.

का आठवत नाहीत? स्वप्नाची आठवण फार कच्ची असते. नदीकाठच्या ओल्या वाळूवर बोटाने लिहिले, तर पुढची लाट येईपर्यंतच ते टिकते, तसे काहीसे. स्वप्न चालू असताना किंवा संपता संपता जाग आली तर ते लक्षात राहते. गाढ झोपेत गेलात की पुसले जाते. म्हणून रात्री चारदा बाळाला पाजणारी आई, लघवीसाठी दोन-तीनदा उठणारे आजोबा, कूस बदलताना जागी होणारी गर्भवती यांच्याकडे स्वप्नांचा साठा मोठा असतो. पडल्या पडल्या घोरू लागणारा आणि अलार्म वाजताच ताडकन उठून दुधाच्या गाडीमागे धावणारा माणूस मात्र सांगतो की, मला स्वप्ने नाहीत.

'पहाटेचे स्वप्न खरे होते' या समजाचे मूळही मला इथेच दिसते. रात्रीच्या पहिल्या प्रहरात स्वप्नांची झोप पाच-दहा मिनिटांची असते. ती वाढत वाढत साखरझोपेच्या वेळी अर्धा तास किंवा त्याहूनही लांबते. त्यामुळे पहाटेची स्वप्ने लांबलचक आणि ठसठशीत असतात. शिवाय लगेच जाग येत असल्याने ती लक्षातही राहतात. जे लक्षात राहते त्याचा पुढे कुठे तरी मेळ बसतो. जे विसरले त्याचा हिशेब कोण ठेवतो?

एकाच घरात चार तऱ्हा

हे झाले सर्वांचे सारखे. आता फरक पाहा. त्यासाठी लांब जायला नको, माझेच घर घेऊ. मला आजही अनाटॉमीच्या तोंडी परीक्षेचे स्वप्न पडते. समोर परीक्षक, टेबलावर हाड, आणि ते उजवे की डावे हे मला सांगता येत नाही. एमबीबीएस होऊन तीसेक वर्षे झाली तरी घाम फुटतो. पण त्या स्वप्नात आवाज जवळजवळ नसतो. परीक्षकाचे ओठ हलतात आणि तो काय म्हणाला ते मला 'कळते' एवढेच. सौभाग्यवतींची स्वप्ने याच्या अगदी उलट. त्यांना साडीच्या काठाचा रंग दिसतो, फोडणीचा वास येतो, गेलेल्या आत्याचा आवाज हुबेहूब ऐकू येतो. चिरंजीवांना स्वप्न पडत असतानाच कळते की हे स्वप्न आहे. मग म्हणे ते मुद्दाम गच्चीवरून उडी मारून तरंगत राहतात. आणि आमच्या मातोश्रींना गेल्या वर्षभरात एकच स्वप्न आठवते, तेही अर्धे.

एका छपराखाली राहणारी, एकाच कुकरमधले खाणारी ही चार माणसे. यातले कोणाचे स्वप्न 'खरे' आणि कोणाचे 'खोटे' म्हणायचे?

चिरंजीवांसारखे अनुभव पूर्वी थापा समजले जात. पण १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न या संशोधकाने एका माणसाला सांगून ठेवले की, स्वप्नात असल्याचे उमगले की बुबुळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे हलवून खूण कर. माणूस गाढ स्वप्नात असताना ती खूण यंत्रावर उमटली.

रंगांचेही असेच आहे. १९४२ साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी सांगितले की, स्वप्नात रंग क्वचितच दिसतात किंवा दिसतच नाहीत. आज तोच प्रश्न तरुणांना विचारला, तर बहुतेक जण रंगच सांगतात. त्या काळचे सिनेमे कृष्णधवल होते, त्याचा हा परिणाम असावा असे काही संशोधकांना वाटते. लहानपणी कृष्णधवल पडदा पाहिलेल्या वयस्क मंडळींत आजही रंगहीन स्वप्ने सांगणारे तरुणांपेक्षा जास्त आढळतात. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. तुमच्या घरात आजोबा आणि नातू असतील तर आज रात्री जेवताना दोघांनाही विचारून पाहा. गप्पा रंगतील.

जन्मापासून ज्यांना दिसत नाही त्यांचे काय? माझे एक स्नेही जन्मांध आहेत आणि भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी त्यांना एकदा भीत भीत विचारले. ते हसले. म्हणाले, "स्वप्नं पडतात की! आईच्या बांगड्या वाजतात, देवघरातला उदबत्तीचा वास येतो, जुन्या घराची पायरी पायाला लागते. तुम्ही 'दिसतं' म्हणता ते काय, ते मला जागेपणी माहीत नाही, मग झोपेत कुठून यावं?" जन्मांध व्यक्तींच्या स्वप्नांवर जे संशोधन झाले तेही हेच सांगते. त्यांच्या स्वप्नांत चित्रे नसतात. आवाज, स्पर्श, वास आणि चवी असतात. पाच-सात वर्षांचे झाल्यावर ज्यांची दृष्टी गेली, त्यांना मात्र पुढेही अनेक वर्षे स्वप्नात 'दिसत' राहते.

आणखी एक नवल. डोळे मिटून आईचा चेहरा आठवा म्हटले, तर काही माणसांपुढे काहीच उभे राहत नाही. ओळख असते, माया असते, पण मनात चित्र उमटत नाही. इंग्लंडमधील डॉ. ॲडम झीमन यांनी २०१५ साली या प्रकाराला 'अफँटेसिया' असे नाव दिले. हा आजार नाही. गंमत अशी की, यातल्या पुष्कळ जणांना झोपेतल्या स्वप्नात मात्र चित्रे दिसतात. म्हणजे जागेपणीचे मन आणि झोपेतले मन यांचे कारखाने थोडे निरनिराळे आहेत.

शकुन, अपशकुन आणि चरक

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण सारेच म्हणतो. पण वागताना तिच्यावर भरवसा ठेवत नाही. साप दिसला तर धन, लग्न दिसले तर वाईट बातमी, कोणी मेलेला दिसला तर त्याचे आयुष्य वाढले, अशी कोष्टके घरोघर पाठ असतात. ती गमतीत राहिली तर माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती पैसे, दागिने आणि औषधे यांना हात लागला की.

अशा वेळी मी जुन्या माणसांना चरकसंहितेची आठवण देतो. तिच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, हवेसे वाटलेले, कल्पनेतले, पुढचे सुचवणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यातली पहिली पाच निष्फळ, म्हणजे त्यांचे काही फळ मिळत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. सहाव्या प्रकारावर माझा विश्वास नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण सातवा प्रकार वाचला की मला त्या प्राचीन वैद्यांना नमस्कार करावासा वाटतो. काही स्वप्ने शरीरातल्या बिघाडातून येतात, हे त्यांनी ओळखले होते. आजचा डॉक्टर मात्र ते पुष्कळदा विसरतो.

'छातीवर कोणी तरी बसले, ओरडायचे होते पण आवाज फुटेना, हात हलेना' हा अनुभवही अनेकांचा असतो. काही जण तर खोलीत काळी आकृती पाहिल्याची शपथ घेतील. ते खोटे बोलत नाहीत. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. कधी कधी माणूस जागा होतो, पण स्नायूंचे कुलूप उघडायला काही सेकंद किंवा मिनिटे उशीर होतो. तेवढ्यात अर्धवट स्वप्न डोळ्यांपुढे चालूच राहते. अपुरी झोप आणि उताणे झोपणे यांनी हे वाढते. त्यासाठी अंगारा नको, वेळेवर झोप हवी.

माझ्या हातून झालेली चूक

हे स्नायूंचे कुलूप फार महत्त्वाचे आहे. ते मी कसे शिकलो ते सांगतो. २०११ साली एक निवृत्त एसटी ड्रायव्हर पत्नीसह आले. दुखणे पत्नीचे होते. डोळ्याखाली काळेनिळे झाले होते. मी ड्रायव्हरसाहेबांकडे रोखून पाहिले. बाई घाईघाईने म्हणाल्या, "तसं नाही हो डॉक्टर. हे झोपेत गाडी चालवतात. स्टिअरिंग फिरवतात, ब्रेक मारतात, शिव्या देतात. काल कोणी तरी मध्ये आलं म्हणून हात उगारला, तो मला लागला. जागेपणी ह्यांनी मला कधी बोट लावलं नाही."

मी काय करावे? मी हसलो. "रिटायर झाले तरी ड्यूटी सुटली नाही म्हणायची!" असे म्हणून मलम लिहून दिले. पुढच्या वर्षी ते स्वप्नात उडी मारून खाटेवरून पडले आणि मनगटाचे हाड मोडले. तेही मी फक्त मोडलेले हाड म्हणून पाहिले. २०१७ साली ते आले तेव्हा उजवा हात थरथरत होता, पावले आखूड पडत होती, सही बारीक झाली होती. मोठ्या गावच्या मेंदूतज्ज्ञांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असे निदान केले. मला त्यांचा एकच प्रश्न अजून आठवतो: "झोपेत हातपाय मारण्याचं किती वर्षांपासून होतं, हे आधी कोणाला सांगितलं नव्हतं का?"

सांगितले होते. मला सांगितले होते.

स्नायूंचे कुलूप नीट न लागल्यामुळे माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय चालवू लागतो, या विकाराचे वर्णन अमेरिकेतील शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ सालीच केले होते. तो बहुधा पन्नाशीनंतर दिसतो आणि पुरुषांत जास्त आढळतो. २०१९ साली अनेक देशांतील चोवीस केंद्रांनी मिळून बाराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बारा वर्षांच्या अवधीत सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना कंपवात किंवा त्याच्या कुळातला, स्मृतिभ्रंशासारखा विकार झाल्याचा हिशेब निघाला. हा विकार पुढे होऊ नये असे खात्रीचे औषध आजही नाही, हे खरे. पण झोपेतली हाणामार कमी करणारी औषधे आहेत. खाट जमिनीलगत घेता येते, टोकदार फर्निचर हलवता येते, पत्नीला वेगळे अंथरूण देता येते. आणि मुख्य म्हणजे वर्षातून एकदा मेंदूतज्ज्ञांची तपासणी चालू ठेवता येते. त्या बाईंचा डोळा आणि त्यांच्या यजमानांचे मनगट तरी वाचले असते. झोपेत कधीमधी बरळणे वेगळे. स्वप्नाबरोबर लाथा, बुक्के, उड्या सुरू झाल्या तर ते हसण्यावारी नेऊ नका.

डॉक्टरला सांगण्यासारखी स्वप्ने

त्या दिवसापासून मी पेशंटला भूक, शौच यांच्याबरोबर झोप आणि स्वप्ने विचारू लागलो. काय काय हाती लागले ते पाहा.

इन्सुलिन घेणारे एक शेतकरी. रोज पहाटे तीनच्या सुमारास विहिरीत बुडाल्याचे स्वप्न पडून घामाने निथळत उठायचे. घरच्यांना वाटे, त्या विहिरीचाच काही तरी दोष. मी मुलाला सांगितले, तसे झाले की लगेच बोटातून शुगर तपास. ५२ निघाली. रात्रीचे इन्सुलिन कमी केले, झोपण्यापूर्वी थोडे खायला लावले. विहीर शांत झाली. रात्री साखर उतरली की भयानक स्वप्ने, घाम आणि सकाळी डोकेदुखी ही लक्षणे दिसू शकतात. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या घरात हे माहीत असायला हवे.

एका शिक्षिकेला अर्धशिशीसाठी मीच प्रोप्रॅनोलॉल सुरू केले होते. महिन्याभरात सासूबाई रोज स्वप्नात येऊ लागल्या, तपकिरीच्या वासासकट. घरात दोन पूजा झाल्या. बाई भीतीने जागरण करू लागल्या, आणि जागरणाने अर्धशिशी वाढली. हे औषध मेंदूत पोचते आणि काही जणांची स्वप्ने भडक करते. औषध हळूहळू कमी करून बदलले, तेव्हा पंधरा दिवसांत सासूबाईंच्या रोजच्या फेऱ्या थांबल्या. नैराश्यावरची काही औषधे, कंपवातावरची औषधे, स्मृतिभ्रंशासाठी रात्री घेतलेले डोनेपेझिल, सिगारेट सोडण्यासाठीची निकोटिनची पट्टी यांनीही काही जणांना असे होते. मुलांना दम्यासाठी आणि हल्ली सर्दीसाठीही सर्रास लिहिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्ट या औषधाबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली ठळक इशारा दिला. त्यात वागण्यातल्या बदलांबरोबर वाईट स्वप्नांचाही उल्लेख आहे. गोळी सुरू झाल्यावर मूल रात्री किंचाळू लागले तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पण एक गोष्ट बजावून सांगतो. हे वाचून कोणीही आपली गोळी आपण होऊन बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध एकदम सोडणे हृदयाला धोक्याचे ठरू शकते. गोळीचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे या.

दारूचेही असेच. दारू स्वप्नांची झोप दडपते. पिणारा माणूस धीर करून ती सोडतो, तेव्हा दडपलेली स्वप्ने बांध फुटावा तशी लोटतात. पुष्कळांचा निश्चय याच आठवड्यात मोडतो. त्यांना आधीच सांगितले की 'असे होणार आहे, थोड्या दिवसांत ओसरेल', तर ते तगून राहतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करायची तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. हातांना कंप, भास किंवा झटके येऊ लागले तर ते स्वप्न नव्हे. तेव्हा सरळ इस्पितळ गाठावे.

एकच भूकंप, दोन भाऊ

सगळी वाईट स्वप्ने औषधांतून किंवा साखरेतून येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. त्या वेळी मी इंटर्नशिप करत होतो आणि मदत पथकाबरोबर तिकडे गेलो. पत्र्याच्या एका शेडमध्ये दोन भाऊ होते. आई-वडील दोघेही ढिगाऱ्याखाली गेलेले. थोरला रोज रात्री 'दगड आले, दगड आले' म्हणून किंचाळत उठे. धाकटा ढाराढूर झोपे. नातेवाईक थोरल्याला जवळ घेत आणि धाकट्याला म्हणत, "याला काही वाटतच नाही." तो मुलगा दिवसा कोणाशी बोलत नव्हता, जेवत नव्हता. तेवीस वर्षांचा मी. मीही थोरल्यालाच गोळी दिली, धाकट्याकडे लक्ष दिले नाही. आज कळते की, दुःख मोजायचे माप म्हणून स्वप्ने वापरता येत नाहीत. एकाचे दुःख रात्री ओरडते, दुसऱ्याचे दिवसा गप्प बसते.

अपघात, पूर, मारहाण, आप्ताचा अकाली मृत्यू यांनंतर तेच ते स्वप्न महिना उलटूनही छळत असेल, तर त्यावर आज उपचार आहेत. त्यातला एक तर बिनऔषधाचा आहे. जाणकाराच्या मदतीने ते स्वप्न जागेपणी आठवायचे, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून लिहायचा, आणि तो बदललेला प्रसंग रोज थोडा वेळ मनात घोळवायचा. अनेकांना याने फरक पडतो. आणि वाईट स्वप्नांबरोबर जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नका. डॉक्टरांना सांगा, नाही तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सेवा मराठीतही मिळते.

शेवटी त्या बाईंविषयी

माझे मत थोडक्यात असे. स्वप्न उद्याचे भविष्य सांगत नाही, कोणाच्या प्रेमाचा पुरावा देत नाही, कोणाचे पापही दाखवत नाही. पण ते आजच्या प्रकृतीविषयी कधी कधी खूप काही सांगते. म्हणून स्वप्ने देवऋषीकडे नेऊ नयेत आणि डॉक्टरांपासून लपवू नयेत. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे की, पेशंट स्वप्न सांगू लागला तर घड्याळाकडे पाहू नका. दोन मिनिटे लागतात. मी ती दोन मिनिटे वाचवली होती, त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आणि घरातल्या माणसांना सांगायचे ते हे की, आपल्या स्वप्नाच्या गजाने दुसऱ्याला मोजू नका. 'माझ्या स्वप्नात आले' हे आनंदाने सांगा. 'तुझ्या का नाही आले' हे विचारू नका.

त्या बाईंना मी एवढेच समजावले. झोपेच्या गोळीने स्वप्नांची झोप थोडी कमी होते आणि मधे जाग येत नसल्याने आठवणही राहत नाही. जाऊबाई गोळी घेत नाहीत, गुडघेदुखीने रात्री तीनदा उठतात, म्हणून त्यांना स्वप्ने आठवतात. यात मायेचा हिशेब कुठेच नाही. गोळी एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असे ठरवले. जादा उपास सोडायला लावले. कानातली फुले कानातच राहिली.

परवा त्या पुन्हा आल्या. वजन किलोभर वाढले होते. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, स्वप्न पडलं!"

"आले का मालक?"

"नाही हो. आमची जुनी म्हैस आली. दहा वर्षांमागं विकलेली." आणि पदर तोंडाला लावून त्या हसल्या. त्यांना हसताना मी सहा महिन्यांत पहिल्यांदाच पाहिले. जाता जाता दारातून म्हणाल्या, "म्हैस आली म्हणजे वाट तर सापडली. ते येतील तवा येतील. नाही आले तरी चालंल. मला जागेपणी आठवतात की."